रेघेपलीकडचा उतार

९ नोव्हेंबर

आज मध्याह्नी आमच्या अंगणात नव्या ट्रॅक्टरचे आगमन झाले. वर्ण हिरवा, मुद्रा गंभीर, स्वर माझ्यासारखाच खर्जातला. याची चारही चाके ओढतात, हे त्याचे मुख्य ऐश्वर्य. आमचे जुने यंत्र, ज्याला घरात सर्वजण ‘म्हातारी’ म्हणतात, ते केवळ मागच्या दोन चाकांच्या बळावर चालते; पुढची दोन नुसती दिशा दाखवतात.

“म्हणजे तुमच्यासारखी,” ही म्हणाली. ही म्हणजे माझी पत्नी. दीर्घ सहवासाने तिची जिव्हा तीक्ष्ण झाली की माझी त्वचा स्थूल, याचा निर्णय अद्याप प्रलंबित आहे.

आसनाच्या डाव्या अंगास एक आखूड लिव्हर आहे. तो टाकला की पुढची चाकेही कामाला लागतात. काढला की हे यंत्रही म्हातारीच्याच कुळातले होते. धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, तो तीन-चारदा टाकून-काढून पाहिला आणि कान देऊन आवाज ऐकला. तो ट्रॅक्टर चालवतो, मी धोरण ठरवतो, अशी आमच्या शेतीची विभागणी आहे. आईवडिलांच्या पश्चात मीच त्याला वाढवले. त्याने आजवर मला ‘नाही’ म्हटलेले नाही. हे मी माझ्या संगोपनाचे यश समजतो. त्याच्या पत्नीने, म्हणजे धाकटीने, ती सर्व तूट एकटीने भरून काढली आहे.

“भाऊजी, चार चाकांनी ओढतं म्हणजे चिखलात रुततं पण चार चाकांनी का हो?” तिने विचारले.

अशा प्रश्नांना उत्तर देण्याने त्यांची प्रतिष्ठा वाढते, म्हणून मी मौन पाळले.

१४ नोव्हेंबर

आज रेघ ओलांडली. प्रसंग ऐतिहासिक असल्याने सविस्तर लिहितो.

आमच्या अंगणामागे, शेताला लागूनच टेकडी आहे. तिच्या अर्ध्यावर दगडांची एक रेघ आहे. म्हातारी नवी असताना वडिलांनी तिला उतारावर चढवत नेले आणि जिथे तिची मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली, तिथे खाली उतरून दगड ठेवला. असे या टोकापासून त्या टोकापर्यंत. “यंत्र नाही म्हणतं, तिथं थांबायचं,” एवढेच ते बोलले आणि पुढे कधी त्या दगडांपलीकडे नांगर गेला नाही. रेघेला लागूनच मुरमाचा उभा, टणक पट्टा आहे, वर बारीक खडे पसरलेले. तो पट्टा ओलांडला की मात्र मऊ, भुसभुशीत मातीचा एक प्रशस्त तुकडा लागतो. वर्षानुवर्षे तो रिकामा पडून आहे. वडिलांनी यंत्राच्या दौर्बल्यालाच तत्त्वज्ञानाचे पद दिले, असे माझे नम्र मत आहे.

धाकट्याने लिव्हर टाकला. मी चाकाखाली लावायचा दगड हाती घेऊन मागून चालू लागलो. रेघेशी यंत्र क्षणभर अडखळेल अशी माझी अपेक्षा होती. ते अडखळले नाही. पुढच्या चाकांनी खड्यांत नखे रोवल्यासारखी पकड घेतली आणि मुरमाचा तो दुर्लंघ्य पट्टा जिना चढावा तसा चढून यंत्र वरच्या मातीत जाऊन उभे राहिले. माझ्या हातातला दगड निरुपयोगी ठरला. मी तो तसाच वर नेला आणि विजयस्तंभ म्हणून ठेवला.

धाकटा आसनावर बसून खाली पाहत होता.

“काय रे?”

“काही नाही, दादा. वरून वेगळं दिसतं.”

“कसं?”

“उभं.”

त्याला शब्दसंपदा देण्यात मी कमी पडलो खरा.

२ डिसेंबर

धाकटीचे भाकीत खरे ठरले. ते इथे नोंदवतो, तिला कळू देणार नाही. विहिरीजवळच्या दलदलीत म्हातारी काठावरच चाके फिरवून थांबते, म्हणून तिथे आम्ही कधी गेलो नाही. नवे यंत्र थांबले नाही. ते आपल्या चारही चाकांच्या कर्तृत्वाने दलदलीच्या मध्यभागापर्यंत गेले आणि तिथे पोटावर बसले.

शेवटी म्हातारीला कोरड्या काठावर उभी करून साखळीने ओढावे लागले. दोन चाकांनी चार चाकांना बाहेर काढले. धाकटी कमरेवर हात ठेवून पाहत होती. “म्हातारी लवकर अडते म्हणून बरं,” ती म्हणाली, “तिला कळतं तरी कुठं अडायचं.”

मी म्हणालो, “ओढण्यास तीच उपयोगी पडली, यावरून जुन्याचा आदर करावा हा बोध घ्यावा.”

मला वाटते, मी योग्य तोच बोध काढला.

१९ जानेवारी

आता मीही चालवू लागलो आहे, परंतु केवळ डांबरी रस्त्यावर, बाजाराच्या गावापर्यंत. लिव्हर टाकूनच जातो. चार चाकांचे यंत्र असून दोन चाकांवर जाणे म्हणजे चार वेद पाठ असून दोनच म्हणणे. चौकातली माणसे वळून बघतात. पुढच्या चाकांतून एक बारीक किंचाळणे येते. वळणावर ते वाढते. मी त्यास यंत्राचा उत्साह मानतो.

परतल्यावर लिव्हर निघेना. मी जोर लावला, दोन्ही हातांनी लावला, संस्कृतात लावला. धाकटा आला, त्याने गाडी वीतभर मागे घेतली आणि बोटाने लिव्हर काढला. आतून खट्ट असा आवाज झाला.

“आत ताण बसतो, दादा,” तो म्हणाला. “पुढच्या-मागच्या चाकांत ओढाताण होते. जरा मागे घेतलं की सुटतं.”

मी म्हणालो, मागे घेणे माझ्या स्वभावात नाही. तो हसला. तो हसतो तेव्हा अजूनही शाळकरी दिसतो.

७ फेब्रुवारी

वरच्या तुकड्यात बटाटे लावले. धाकटा रोज लिव्हर टाकून चढतो, तसाच उतरतो. आज उतरल्यावर त्याने आपण होऊन एक वाक्य उच्चारले, म्हणून नोंद करतो.

“चढताना नाही, दादा, उतरताना याची खरी गंमत. पुढची चाकं धरून ठेवतात. मागून कुणीतरी सदरा धरल्यासारखं.”

मी म्हणालो, ओढणे हे त्यांचे काम. धरणे हे ब्रेकचे. गल्लत करू नये.

“ब्रेक मागच्याच चाकांना आहेत ना पण,” तो म्हणाला. पण तोवर हिने चहाला हाक मारली होती.

११ एप्रिल

आजचा दिवस मानहानीचा. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. मेकॅनिक आला, त्याने टायरवरून तळवा फिरवला आणि मोठ्याने हसला. हा मनुष्य अत्यंत बोलका आहे आणि त्याचे अर्धे बोलणे थापा असते, परंतु आज दुर्दैवाने दुसरा अर्धा भाग ऐकावा लागला.

“लिव्हर टाकून डांबरावर कोण पळवतं हो?”

अंगणात धाकटा होता, धाकटी होती, ही होती. कुणीही माझ्याकडे पाहिले नाही. इतके एकमताने न पाहणे आमच्या घरात प्रथमच घडले.

“पुढची चाकं मागच्यांपेक्षा जरा जास्त धावतात, मुद्दाम तशी केलेली असतात,” मेकॅनिक म्हणाला. “मऊ मातीत ती थोडी घसरून जुळवून घेतात. डांबरावर कुठं जातील? रबर खातात. रबर संपलं की गिअर खातात. म्हणून कडक जमिनीवर लिव्हर टाकायचा नाही म्हणजे नाही. लिहून ठेवा.”

‘लिहून ठेवा’ हे तो सहज म्हणाला. मला असे सहज म्हणू नये.

१२ एप्रिल

मला पाट्या लिहिण्याचे व्यसन आहे, असे ही म्हणते. गोठ्यावर ‘शांतता राखावी’, अवजारांच्या खोलीत ‘उपकरणे स्वस्थानी ठेवावीत’, विहिरीवर ‘डोकावू नये’. आज पुढचे टायर बदलून झाल्यावर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, चालकाच्या नजरेसमोर येईल असे पांढऱ्या रंगात लिहिले:

कठीण भूमीवर चतुश्चक्रबल वर्ज्य. अपवाद नाही.

अक्षर उत्तम उतरले. धाकट्याला बोलावून वाचायला लावले.

“म्हणजे कडक जमिनीवर लिव्हर काढायचा,” धाकटीने भाषांतर केले.

“बरोबर,” धाकटा म्हणाला. मग त्याने टेकडीकडे पाहिले. “दादा, उतारावर मात्र...”

“नियमाला ‘मात्र’ नसतो,” मी म्हणालो. “मात्र आला की नियम गेला. काल सर्वांसमक्ष माझी शोभा झाली, ती या ‘मात्र’ने भरून निघणार आहे का?”

“नाही.”

“झाले तर मग.”

त्याने मान हलवली. मडगार्डवरच्या ओल्या रंगाला बोट लागू नये म्हणून तो उजवीकडून वर चढला. धाकटी मात्र जागची हलली नाही.

“काय सांगत होते ते, ऐकून तर घ्यायचं भाऊजी.”

“त्याला सांगायचे असते तर त्याने सांगितले असते.”

“तुम्हाला?” ती म्हणाली, आणि आत गेली.

हा प्रश्न होता की उद्गार, हे विरामचिन्हावाचून कळत नाही. बोलण्यात हीच तर उणीव असते.

३ जून

बटाटे असे आले आहेत की वडील असते तर स्वतः रेघ मिटवून आले असते. वरचा तुकडा उकरला की मूठभर मातीत ओंजळभर बटाटे. आता प्रश्न खाली आणण्याचा. यापूर्वी त्या पट्ट्यावरून आम्ही कधी भरलेली ट्रॉली उतरवलेली नाही.

आज प्रथम अर्धी ट्रॉली भरून धाकटा उतरला. मुरमाचा पट्टा कडक, सबब नियमाप्रमाणे त्याने तिथे लिव्हर काढला. मी खाली अंगणात उभा होतो. पट्ट्याच्या मध्यावर मागची चाके किंचित सरकल्यासारखी दिसली, खडे उडाले, पण गाडी आली. धाकट्याच्या अंगावरचा सदरा पाठीशी चिकटला होता. खाली उतरून तो तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

“ऊन फार आहे,” मी म्हणालो.

“हो,” तो म्हणाला.

धाकटीने त्याच्या हातांकडे पाहिले. मग माझ्याकडे. तिला म्हटले, काय झाले? म्हणाली, “हात थरथरतायत त्यांचे.” मी म्हणालो, स्टीअरिंगची कंपने असतात, काही काळ राहतात.

ही कारणमीमांसा मला त्या वेळी समाधानकारक वाटली. आता लिहिताना जराशी कमी वाटते.

५ जून

लिहू शकत नाही.

६ जून

ही म्हणाली, लिहा. नाहीतर नुसते येरझारा घालाल. म्हणून लिहितो, क्रमाने.

काल व्यापाऱ्याचा ट्रक यायचा होता आणि आभाळ भरून येत होते, म्हणून ट्रॉली पूर्ण भरली. मी वरच होतो. गोण्या नीट रचल्या की नाहीत ते पाहून मी मागून चालू लागलो. मातीत सर्व सुरळीत होते. पट्ट्याच्या माथ्यावर धाकटा थांबला. त्याने खाली पाहिले, बराच वेळ. मग मडगार्डवरच्या पाटीकडे पाहिले. मग मागे वळून माझ्याकडे. मी मान डोलावली. त्याने लिव्हर काढला, लो गिअर टाकला आणि क्लच सोडला.

पहिले काही हात गाडी नीट गेली. मग ट्रॉलीने तिला मागून ढकलायला सुरुवात केली. त्याने ब्रेक दाबला, मागची चाके थांबली. फिरायची थांबली, पण गाडी थांबली नाही. थांबलेल्या चाकांवरून ती खड्यांत सरकत गेली. मी धावलो. धावून काय करणार होतो ठाऊक नाही. खाली अंगणात धाकटी आणि ही दोघी होत्या; थेट वाटेत. धाकट्याने त्या पाहिल्या असाव्यात, कारण त्याने स्टीअरिंग पूर्ण फिरवून गाडी टेकडीच्या बाजूच्या दरडीत घातली. यंत्र दरडीला टेकून अडले. ट्रॉली वळसा घालून उलटली, आणि तिच्या जोडणीच्या दांड्याने ओढला जाऊन मडगार्ड दरडीशी भिडला. मध्ये त्याचा डावा पाय होता.

बटाटे मात्र खाली गेले, अंगणापर्यंत, उड्या मारत. तो आवाज अजून ऐकू येतो.

त्याला काढायला शेजारचे सात-आठ जण लागले. तो ओरडला नाही. मीच ओरडत होतो, असे ही सांगते.

शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टर म्हणतात, हाडांचे बघता येईल. पायाला रक्त पुरते पोहोचते की नाही, ते दोन-तीन दिवसांत कळेल. पोहोचले नाही तर काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. धाकटीने विचारले. त्यांनी तिला सांगितले. तिने मला सांगितलेले नाही.

ब्रेक निकामी झाले असावेत. दुसरे कारण संभवत नाही. मेकॅनिकला निरोप धाडला आहे; त्याची आता गय नाही.

८ जून

आज त्याला भेटू दिले. पाय एका चौकटीत बांधला आहे, बोटे तेवढी उघडी. धाकटी दर थोड्या वेळाने त्या बोटांना हात लावून पाहते, गरम आहेत की गार. आज गार होती म्हणाली. काल कोमट होती.

मला पाहताच तो उठायला गेला.

“पडून रहा, मूर्खा.”

“दादा,” तो म्हणाला, “मी लिव्हर काढला होता हां. तुम्ही पाहिलंत ना? टायर झिजले नसतील.”

मी म्हणालो, पाहिले. नियम पाळलास, उत्तम केलेस.

त्याला बरे वाटले. त्याने डोळे मिटले. एवढ्या वेदनेतही त्याने माझा शब्द मोडला नाही, या विचाराने मला क्षणभर अभिमान वाटला. हे लिहायला नको होते, पण वाटला.

धाकटी खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

१० जून

मेकॅनिक येऊन गेला. ट्रॅक्टर अजून पट्ट्याच्या मध्यावर दरडीला टेकून उभा आहे, चाकांखाली दगड. मी त्याला ब्रेकवरून बोलायला सुरुवात केली. त्याने ब्रेक पाहिले, पुन्हा पाहिले, चाकांच्या मागचे ओरखडे पाहिले. मुरमात दोन लांब चर पडले आहेत, फक्त मागच्या चाकांचे. पुढच्या चाकांची नुसती नक्षी, फिरत गेल्याची.

“ब्रेक तर घट्ट लागलेत,” तो म्हणाला. “मागची चाकं जाम झाली म्हणून तर घासत गेली. लिव्हर कुणी काढला?”

मी चाकाखालचा एक दगड नीट बसवला.

“उताराला, भरल्या ट्रॉलीला लिव्हर काढतात होय? ब्रेक मागच्या चाकांना. लिव्हर टाकलेला असला की तोच ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो. काढला की पुढची चाकं मोकळी, नुसती पळतात.”

“तूच म्हणालास, कडक जमिनीवर टाकायचा नाही म्हणजे नाही.”

तो गप्प झाला. त्याला मी प्रथमच गप्प पाहिले. “रस्त्यासाठी म्हणालो होतो,” तो हळू म्हणाला. “टेकडीचं कोण बोललं होतं? मी टायरचं बोलत होतो.” मग त्याची नजर मडगार्डवर गेली. पाटी चेपली आहे, पण शेवटचे दोन शब्द स्वच्छ वाचता येतात. त्याने ते वाचले. माझ्याकडे न पाहता तो आपली हत्यारे गोळा करू लागला. आम्ही दोघेही एकाच वाक्याचे धनी होतो; त्याने ते उच्चारले, मी त्याला रंग दिला.

तो गेल्यावर मी तिथेच बसलो. मागून कुणीतरी सदरा धरल्यासारखं. हे वाक्य माझ्या याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. उतारावर मात्र, हेही आहे. त्याला ठाऊक होते. हातांना ठाऊक होते. तो माथ्यावर थांबला, खाली पाहिले, पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तो ‘मात्र’ विचारत होता.

मी मान डोलावली.

११ जून

धाकटीला सांगितले. इस्पितळाच्या जिन्यात उभे राहून, साध्या शब्दांत. दुसरे सुचले नाहीत.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यांनी शपथ घातली. म्हणाले, दादांना आत्ता नको सांगू, खचतील.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहिले. “पाय त्यांचा जातोय आणि जपायचं तुम्हाला. मी लग्न करून या घरात आले ना, भाऊजी, तेव्हापासून बघतेय. त्यांना नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला फार आवडतं.”

मी एक पायरी खाली उतरलो.

“बोटं आज गरम आहेत,” ती म्हणाली, आणि मग रडली.

१३ जून

पाय राहणार. डॉक्टरांनी तसे सांगितले. लंगडणे राहील, पण पाय राहील. ही घरी येऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच.

२ जुलै

धाकटा घरी आला. कुबड्या आहेत. मी त्याच्यासमोर बसलो आणि मनात तयार केलेले वाक्य उच्चारायला लागलो. त्यात तीन समास होते. पहिल्याच समासात त्याने हात वर केला.

“दादा, ट्रॅक्टर अजून वरच आहे ना?”

“आहे.”

“पाऊस वाढायच्या आत उतरवायला हवा. खालचे दगड सुटले तर अंगणात येईल.”

“माणूस बोलावतो.”

“कुणी येणार नाही त्या पट्ट्यावर. सगळ्यांनी बघितलंय.” त्याने कुबडी बाजूला ठेवली. “तुम्ही उतरवा.”

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. धाकटीने हातातले काम थांबवले. त्या उतारावर मी कधी यंत्र चालवलेले नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मी म्हणालो, “माझे वय...”

“नाही,” धाकटा म्हणाला. “वय नाही. मी सांगतो तसं करायचं फक्त.”

त्याने मला ‘नाही’ म्हटलेले हे पहिलेच. तिथी नोंदवून ठेवतो.

९ जुलै

आज उतरवला.

सकाळी पाऊस नव्हता. धाकट्याची खुर्ची अंगणाबाहेर, वाटेच्या एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला या दोघी. वाटेत कुणीही उभे राहायचे नाही, ही त्याची पहिली अट. उलटलेली ट्रॉली आधीच सोडवून घेतली होती. मडगार्डवर माझ्या पाटीखाली कुणीतरी खडूने, गिचमिड अक्षरात लिहिले होते: उतारावर मात्र टाकायचाच. अक्षर धाकटीचे. शुद्धलेखन निर्दोष होते. नसते तरी मी बोललो नसतो.

आसनावर बसलो. खाली पाहिले. वरून खरोखर वेगळे दिसते. उभे.

“लिव्हर टाका!” खालून आवाज आला.

“टाकला.”

“पुन्हा बघा.”

“टाकला रे.”

“हात लावून बघा, दादा. डोळ्यांनी नको.”

हात लावून पाहिले. तो अर्धाच बसला होता. पूर्ण दाबला.

“आता बसला.”

“सगळ्यात लहान गिअर. क्लच एकदा सोडला की परत दाबायचा नाही. काही झालं तरी नाही. ब्रेकवर पाय नुसता ठेवा, दाबू नका. गाडी तुमच्यापेक्षा शहाणी आहे असं समजा.”

“ते समजण्याचा सराव आहे त्यांना,” ही म्हणाली.

शेजाऱ्याने चाकाखालचे दगड काढले. मी क्लच सोडला. यंत्र हलले. माझ्या पायाला त्या क्लचवर परत जायचे होते. पायाचे तेच शिक्षण झाले आहे, भीती वाटली की दाबावे. मी त्याला जाऊ दिले नाही. खडे चाकांखाली करकरले. एकदा मागचे चाक सरकले, माझे तोंड उघडले, आणि त्याच क्षणी पुढून पकड आली. जाणवली. मागून कुणीतरी सदरा धरल्यासारखी.

“सरळ!” तो ओरडत होता. “सरळ, दादा. उजवीकडे बघू नका. माझ्याकडे बघा. माझ्याकडे!”

मी त्याच्याकडे पाहत उतरलो. कुबडी खुर्चीला टेकलेली, एक पाय पुढे लांब केलेला, दोन्ही हात वर. लहानपणी त्याला सायकल शिकवताना मी असाच उभा राहत असे. रेघेचे दगड चाकांखालून गेले तेव्हा मी मोजले नाहीत. अंगणाची फरशी लागली आणि गाडी थांबली.

 धाकटी जमिनीवर बसली होती. कधी बसली, कुणी पाहिले नाही.

मी लिव्हर काढायला गेलो. निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला. निघेना. फरशी कडक, सबब काढायलाच हवा होता, आणि माझे हात आता माझे ऐकत नव्हते. मी तसाच त्याला ओढत राहिलो. हिने जवळ येऊन माझ्या मनगटावर हात ठेवला.

“दादा,” धाकटा खुर्चीतून म्हणाला, हळू. “जरा मागे घ्या.”

मी मागे घेतले. वीतभर.

खट्ट झाले आणि सुटले.